शेवटपर्यंत वाचणारे गृहस्थ

१

बाईंचा धंदा काय, हे त्यांच्या सासूबाईंना अठरा वर्षांत कधी नीट सांगता आलं नव्हतं. शेजारीण विचारायची, "सूनबाई घरी बसून काय करतात हो?" सासूबाई म्हणायच्या, "शास्त्रज्ञांचे फॉर्म भरते." शेजारीण म्हणायची, "का? त्यांना लिहिता येत नाही?" यावर सासूबाई थोडा विचार करायच्या आणि म्हणायच्या, "येतं. पण ते दुसऱ्याला वाचता येत नाही."

याहून नेमकं बाईंनाही सांगता आलं नसतं. संशोधनाला अनुदान हवं असलेले शास्त्रज्ञ आपापले प्रस्ताव घेऊन त्यांच्याकडे यायचे. माणसं हुशार, काम सोन्यासारखं, आणि लिहिलेलं असं, की पहिल्या परिच्छेदातच वाचणाऱ्याला पेंग यावी. बाई त्यांना टेबलासमोरच्या खुर्चीत बसवायच्या, कागद काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "सर, आता तोंडाने सांगा. तुम्ही नक्की करता काय?" अर्ध्या तासात तोच माणूस हातवारे करत, डोळे मोठे करत सांगायला लागायचा आणि बाई लिहून घ्यायच्या.

"समितीतला माणूस दमलेला असतो," हे त्या प्रत्येकाला ऐकवायच्या. "सकाळपासून त्याने एकोणतीस प्रस्ताव चाळलेत. तुमचा तिसावा. त्याला जेवायला जायचंय. तो इथे समोर बसलाय असं समजा, आणि त्याला उठू देऊ नका."

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक पन्नाशीचे, काटकुळे गृहस्थ आले. खिशाला तीन पेनं, त्यांतलं एकही चालत नव्हतं. ते बाईंशी न बोलता स्वतःच्या बुटांशी बोलत होते. एका हातात प्रस्ताव, दुसऱ्या हातात जेवणाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी.

"चार वेळा नाकारलाय," ते बुटांना म्हणाले. "या वेळी नाही मिळालं, तर संस्था माझी खोली काढून घेणार. तिथे झेरॉक्सची मशिनं ठेवायची आहेत."

बाईंनी प्रस्ताव उघडला. पहिलं वाक्य एकशे बारा शब्दांचं होतं आणि त्याचं क्रियापद दुसऱ्या पानावर भेटत होतं. बाईंनी नेहमीप्रमाणे कागद उलटे ठेवले. "आता तोंडाने सांगा."

गृहस्थांनी पेटीचं बटण दाबलं. छोट्या पडद्यावर आकडा उमटला, २. त्याखाली दोन हिरव्या रेषा, लाटांसारख्या वरखाली होणाऱ्या.

"प्रत्येकाच्या श्वासाची चाल वेगळी असते. हे यंत्र हवेतले श्वास सुटे करून मोजतं. खोलीत जेवढी माणसं, तेवढ्या रेषा."

बाईंनी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, आकडा ३ झाला. त्या गेल्या, अर्ध्या मिनिटाने पुन्हा २.

"मला मोजायला यंत्र कशाला?" सासूबाई आतून म्हणाल्या. "मी दिसते की."

"इमारत कोसळते," गृहस्थ म्हणाले, आणि आता ते पहिल्यांदा बाईंकडे बघत होते. "ढिगाऱ्याखाली किती जण जिवंत आहेत, कुणालाच कळत नाही. खोदणारे थांबतात, कारण त्यांना वाटतं आता कुणी उरलं नाही. मला त्यांना सांगायचंय की थांबू नका, अजून एक आहे."

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. प्रस्तावाची सुरुवात मिळाली होती.

जाताना गृहस्थ म्हणाले, "यंत्र राहू द्या तुमच्याकडे. प्रस्ताव होईपर्यंत. सवय होईल तुम्हाला." आणि मुक्कामाला आलेला पाहुणा दुसऱ्याच्या घरी पोचवून आल्यासारखे ते भराभर जिना उतरून गेले.

२

बाईंचे यजमान वजनकाटे तपासणारे निरीक्षक होते. त्यांनी संध्याकाळी पेटी पाहिली, वर्णन ऐकलं, आणि त्या गृहस्थांचं नाव ठेवलं 'श्वासमोजे'. घरात तेच रूढ झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई एकट्याच टेबलाशी बसल्या होत्या. सासूबाई आतल्या खोलीत दार लावून झोपल्या होत्या. पंखा एका गतीने कुरकुरत होता. बाईंनी नवा मसुदा छापून समोर ठेवला, लाल पेन उघडलं आणि सहज पेटीकडे पाहिलं.

२.

त्यांनी मागे वळून पाहिलं. दाराची कडी लावलेली होती. टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथे त्यांच्याच चपला होत्या.

बाई शास्त्रज्ञांमध्ये मुरलेल्या. घाबरायच्या आधी कारण शोधायचं, एवढं त्या शिकल्या होत्या. खिडकीतल्या कुंडीवर त्यांचा संशय गेला. कुंडी बाहेर ठेवली. आकडा २. पंखा बंद केला. २. मग त्यांनी स्वतःचा श्वास रोखून धरला. एक रेषा सपाट झाली. दुसरी निवांत चालू राहिली.

संध्याकाळी यजमानांनी सूत्रं हातात घेतली. "यंत्र खोटं बोलतंच," ते म्हणाले. "फक्त कुणाच्या बाजूने बोलतं ते शोधायचं असतं." त्यांनी पेटी स्वयंपाकघरात नेली. तिथे दोघं, आकडा २. बाल्कनीत आकडा २. न्हाणीघरात दार लावून एकटे उभे राहिले, तेव्हा १. पुन्हा टेबलाशी दोघं आले, तर ३. शेवटी त्यांनी टेबलावरचे प्रस्तावाचे कागद उचलून कपाटात ठेवले. आकडा २ झाला. कागद परत आणले. ३.

यजमानांनी पेटीवर टिचकी मारली. "काट्यात असा दोष असता तर मी दुकानाला सील ठोकलं असतं," म्हणाले आणि बातम्या लावायला गेले.

बाईंनी श्वासमोज्यांना फोन केला.

"सर, यंत्र एक जास्त दाखवतंय."

पलीकडून हळूच, "तुम्ही बसता त्या टेबलापाशी?"

"हो."

"प्रस्ताव समोर असताना?"

"हो."

"म्हणजे तुमच्याकडेही." त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा झाला. "मी चौथ्यांदा लिहायला बसलो तेव्हापासून आहे हे. मला वाटायचं माझ्यातच काही बिघाड झाला."

"अहो, पण सर, तुमचं यंत्र ढिगाऱ्यापाशी एक जास्त दाखवायला लागलं तर?"

"ढिगाऱ्यापाशी नाही दाखवत. शंभर वेळा तपासलंय. फक्त प्रस्तावापाशी." ते थोडे घुटमळले. "ते आपण 'मर्यादा' या सदरात घालायचं का?"

"एका ओळीत," बाई म्हणाल्या. सवयीने.

३

ती जास्तीची रेषा बाई आता निरखून पाहू लागल्या. ती संथ होती. मिनिटाला जेमतेम चार श्वास. बाईंच्या रेषेशेजारी ती अशी दिसायची, जशी घाईघाईने भाजी आणायला निघालेल्या माणसाशेजारी बागेत फेऱ्या मारणारा निवृत्त माणूस.

आणि ती मध्येच थांबायची. कधी थांबते हे कळायला बाईंना दोन दिवस लागले. बाईंनी पान उलटलं, की ती थांबायची. क्षणभर. मग नवं पान सुरू झालं, की पुन्हा संथ चाल.

प्रस्ताव वाचताना कागद टेबलाच्या मधोमध, समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूला सरकवले तर रेषा स्थिर व्हायची. जवळ ओढून घेतले तर थरथरायची. बाईंनी सहाव्या पानावरचा 'संशोधनाची पार्श्वभूमी' हा भाग मोठ्याने वाचून पाहिला. तिसऱ्या ओळीला रेषा फुगली, वर चढत गेली, टोकाला थबकली आणि सावकाश खाली आली.

ती जांभई होती. अठरा वर्षं बाईंनी लोकांना जांभया न येण्याजोगं लिहायला शिकवलं होतं. जांभई त्यांनी कुठेही ओळखली असती.

त्यांना आधी भीती वाटली आणि लगेच अपमान वाटला. त्यांनी परिच्छेद खोडला, नव्याने लिहिला, वाचला. रेषा अर्ध्यापर्यंत फुगली. पुन्हा लिहिला. रेषा एकसारखी, शांत. आणि शेवटच्या वाक्याला ती रोखून धरलेली राहिली, चांगलं अर्धं मिनिट.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत बाईंनी आयुष्यातला सर्वांत उत्तम प्रस्ताव लिहिला. जिथे जांभई तिथे कात्री. जिथे श्वास रोखला तिथे हात लावायचा नाही. वेळापत्रकाचा तक्ता पाहून रेषा एकदा जोरात फुरफुरली, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की दुसऱ्या वर्षात सर तेरा महिने धरून बसलेत.

हे सगळं काय आहे, याबद्दल त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आपलाच श्वास भिंतीवर आपटून उशिरा परत येतो, असं काहीतरी. भिंत जांभई का देते, हा प्रश्न त्यांनी प्रस्ताव पाठवून झाल्यावर विचारात घ्यायचं ठरवलं होतं.

एका गोष्टीची मात्र समजूत घालता येईना. रोज सकाळी मसुद्याच्या पानांचे उजवे खालचे कोपरे ओलसर असायचे. प्रत्येक पानाचा, एकाच जागी, अंगठ्याएवढा. थुंकी लावून पान उलटावं तसा. बाईंना ती सवय नव्हती. यजमान कागदाला हातच लावत नसत. बाईंनी सासूबाईंना विचारलं.

"मी कशाला वाचू तुझे फॉर्म?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांना पेपरातले मथळे दिसत नाहीत."

४

प्रस्ताव पाठवायच्या आदल्या दिवशी दुपारी सासूबाई दोन कप चहा घेऊन टेबलाशी आल्या. एक बाईंपुढे ठेवला. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"हा कुणाला?" बाईंनी विचारलं.

"यांना," सासूबाई म्हणाल्या. मग खुर्चीकडे डोळे बारीक करून पाहत, "उठून गेले वाटतं. आत्ता तर होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोण होते?"

"तुझे ते शास्त्रज्ञ गं. रोज दुपारी येतात ते."

"आई, रोज दुपारी कुणी येत नाही."

"येत कसं नाही? पंधरा दिवस बघतेय मी. तू बाजारात गेलीस तरी बसून असतात. उंच आहेत. मान अशी एका बाजूला कललेली. कपडे धुरकट. की माझे डोळेच धुरकट, देव जाणे. कागदातून डोकं वर काढत नाहीत. मी दोनदा विचारलं, पाणी हवं का. हूं नाही की चूं नाही."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं त्यात?" सासूबाईंना खरोखरच नवल वाटलं. "तुझे शास्त्रज्ञ सगळे असेच असतात. तो गेल्या वर्षीचा बेडकांवाला, तो तरी कधी वर बघायचा? मला वाटलं हेही तसलेच. आणि चहा तरी कुठे घेतात. तू बाजारात जातेस तेव्हा ठेवते, तर रोज गार होतो. मग मीच पिते."

बाईंनी पेटीकडे पाहिलं. टेबलाशी त्या दोघी होत्या. पडद्यावर ३ होता. तिसरी रेषा श्वास रोखून होती. चांगलं वाक्य वाचताना रोखते तशी. किंवा आपल्याबद्दल कुणी बोलत असताना माणूस रोखतो तशी.

बाईंनी त्याच संध्याकाळी प्रस्ताव पाठवून दिला. एक दिवस आधी. धंद्यात पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी कापडात गुंडाळून सरांच्या हवाली केली. सगळे छापील मसुदेही देऊन टाकले, आणि घरी येऊन ती खुर्ची बाल्कनीत ठेवली.

५

दोन महिन्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. श्वासमोजे एकटे जायला तयार नव्हते, म्हणून बाई सोबत गेल्या. आत जायची त्यांना परवानगी नव्हती. त्या बाहेरच्या लांब व्हरांड्यात बाकावर बसल्या. भिंतीवर सूचना लावली होती, समितीच्या सदस्यांची नावं. चार.

पाऊण तासाने सर बाहेर आले. डोळे भरून आले होते. बाईंना वाटलं, पाचव्यांदा नाकारला.

"बाई," ते म्हणाले, "त्यांनी वाचला होता."

"काय?"

"प्रस्ताव. सगळा. शेवटच्या पानापर्यंत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाकीचे चौघं नेहमीसारखेच. एक जण विचारत होता की या यंत्राने झाडं मोजता येतील का. पण ते पाचवे, त्यांना पान न् पान पाठ होतं. हळू बोलतात, मध्ये मध्ये थांबतात, जणू बोलायची सवय गेलीय. पण काय प्रश्न विचारले. मला माझंच काम नव्याने कळलं."

बाईंनी भिंतीवरची यादी पाहिली. मग सरांचा चेहरा पाहिला. तसा चेहरा त्यांनी आजवर कुठल्याच शास्त्रज्ञाचा पाहिला नव्हता.

"यंत्र दाखवलंत का त्यांना?"

"दाखवलं. ते पाच आणि मी, सहा. यंत्रानेही सहाच दाखवले. एकही जास्त नाही." सर लहान पोरासारखे हसले. "दोष गेला, बाई."

दार उघडलं. एक बाई फायली छातीशी धरून बाहेर पडल्या. मागोमाग दोघं जण जेवणाबद्दल बोलत गेले. मग काठी टेकत एक म्हातारे. सर उभे राहून वाट पाहू लागले. "पाचव्यांचे आभार मानायचेत."

शिपाई आला, त्याने आतले दिवे मालवले आणि दाराला कुलूप घातलं.

"अहो, आत एक जण आहेत," सर म्हणाले.

"कुणी नाही, साहेब."

"दुसऱ्या दाराने गेले असतील."

"दुसरं दार नाही," शिपाई म्हणाला आणि किल्ली खिशात टाकून चालता झाला.

सर बाईंकडे बघायला लागले. बाईंना खरं सांगता आलं असतं. पण वाचला होता, हे सांगताना भरून आलेले डोळे अजून कोरडे झाले नव्हते. "मोठ्या लोकांचं काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "चला."

६

अनुदान मंजूर झालं. झेरॉक्सची मशिनं दुसरीकडे गेली. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "फॉर्म पास झाला." दुपारी येणारे ते गृहस्थ काही पुन्हा आले नाहीत. बाईंनी खुर्ची आत आणली.

खरं सांगायचं तर बाईंना थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. त्यांनी शेवाळावरचा एक प्रस्ताव लिहिला, चांगला लिहिला, आणि मसुदा वाचताना दोनदा नकळत समोर पाहिलं. तिथे कुणी जांभई देत नव्हतं, की श्वास रोखत नव्हतं. हे असलं वाटणं बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. त्यांनी ते यजमानांना सांगितलं नाही.

चार महिन्यांनी सरांच्या बहिणीचा फोन आला. "दादा घरी जेवायला येत नाही. दिवसभर खोलीत लिहीत बसतो. फोनवर बोलताना मध्येच थांबतो. मी हॅलो हॅलो करते, मग पुढचं वाक्य बोलतो. तुमचं ऐकतो तो. एकदा बघून याल का?"

बाई दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेत गेल्या. सरांची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. पूर्वी तिथे मोडकं फर्निचर ठेवत. हवा मोजता यावी म्हणून दाराच्या फटी नमद्याच्या जाड लोकरी पट्ट्यांनी बंद केल्या होत्या. बाई आत शिरल्या, दार मागे फस्सकन मिटलं, आणि व्हरांड्यातला सगळा आवाज एकदम बंद झाला.

अनुदानातून आलेली यंत्रं खोक्यांतच होती. एकाही खोक्याची पट्टी कापलेली नव्हती. सर टेबलाशी बसून लिहीत होते. शेजारी कागदांची चळत कमरेएवढी.

"सर, यंत्राचं काम कुठवर आलं?"

"होईल ते," सर म्हणाले. मग थांबले. बाईंना वाटलं त्यांचं बोलणं संपलं. बऱ्याच वेळाने पुढचं वाक्य आलं. "आधी पुढचा प्रस्ताव."

"हा सगळा प्रस्ताव?"

"तीनशे चाळीस पानं झाली. त्यांना आवडतोय."

सरांची मान एका बाजूला कलली होती. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.

पेटी टेबलाच्या कडेला चालू होती. पडद्यावर ३ होता. बाईंनी रेषा पाहिल्या. एक त्यांची, जिना चढून आल्यामुळे धावणारी. बाकी दोन संथ, मिनिटाला चार. दोन्ही अगदी सारख्या. एकीवर दुसरी ठेवली तर एकच दिसावी. त्यांतली सरांची कुठली, हे यंत्राला सांगता आलं नसतं.

सर वाचू लागले. छान वाचत होते. वाक्यं अशी होती, की एकातून दुसरं आपोआप उमलत जावं. बाई पाठीमागच्या खोक्याला टेकल्या. अशी वाक्यं त्यांना अठरा वर्षांत कुणी ऐकवली नव्हती. पुढचं वाक्य येऊ दे, मग बोलू, असं त्यांना वाटलं. मग त्यापुढचं.

तिसरी रेषा लांबायला लागली होती. ती कुणाची हे त्यांच्या सावकाश लक्षात आलं. आपण मघापासून श्वास घेतलेला नाही, हे त्यांना पडद्यावर दिसलं.

७

बाई खोकल्या. मुद्दाम, मोठ्याने. मग त्यांनी हाताला येईल ते कपाटावरून खाली ओढलं. तो संस्थेचा छापील नियमसंग्रह होता. 'फर्निचर व तत्सम साहित्य खरेदी, नोंद व निर्लेखन.' एकोणनव्वद कलमं.

सरांच्या समोर, रिकाम्या बाजूला तोंड करून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"कलम एक. या नियमांत, संदर्भाने अन्यथा अपेक्षित नसेल तर, खुर्ची याचा अर्थ हात असलेली अथवा हात नसलेली अशी कोणतीही खुर्ची असा समजण्यात येईल, आणि त्यात स्टुलाचा समावेश, कलम चौदाच्या अधीन राहून, होणार नाही."

सर वाचायचे थांबले. "बाई, हे काय?"

"ऐका. कलम दोन."

त्या वाचत गेल्या. ज्या प्रकारचं लिहिणं मोडून काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, ते त्यांनी आज एकही शब्द न गाळता, पोटकलमांसकट, तळटिपांसकट वाचलं. कलम पाचला एक रेषा फुगली. कलम नऊला तिने दुसरी जांभई दिली, पहिलीहून मोठी. कलम चौदाला, स्टुलाची व्याख्या सुरू झाली तेव्हा, टेबलावरचे कागद अस्वस्थपणे फडफडले. खोलीत वारा यायला जागा नव्हती.

"कलम बावीस. मोडलेल्या खुर्चीचा पाय हा स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदवावा किंवा कसे, याबाबतचा निर्णय."

समोरची खुर्ची फरशीवर घासली. बाईंनी डोकं वर केलं नाही. कलम तेवीस त्यांनी पूर्ण वाचलं. दार फस्सकन उघडलं, मिटलं. तेव्हा मात्र त्यांनी पाहिलं. दाराला वर एक काचेची पट्टी होती. तिच्यातून एक धुरकट खांदा आणि एका बाजूला कललेली मान पुढे सरकताना दिसली. मग नुसता व्हरांडा.

पडद्यावर आकडा २ झाला.

सरांनी एकदम मोठा श्वास घेतला, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा. मग ते खोकायला लागले. खोकून झाल्यावर त्यांनी खोक्यांकडे, चळतीकडे, बाईंकडे आळीपाळीने पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "मला फार भूक लागलीय."

बाईंनी त्यांना दंडाला धरून खाली आणलं. जिन्यात त्या त्यांचे श्वास मोजत होत्या. मिनिटाला सोळा-सतरा येत होते.

खाली दाराशी पहारेकरी रजिस्टर पुढ्यात घेऊन बसला होता. "तुमच्या आधी एक जण उतरले," तो म्हणाला. "तुमच्यातलेच का? सही करा म्हटलं, तर रजिस्टरच वाचत बसले. पहिल्या पानापासून. मी आपला पेन धरून उभा."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग विचारलं, इथे लायब्ररी कुठे आहे. सांगितलं, समोरची इमारत, दुसरा मजला. सहापर्यंत उघडी असते."

बाईंनी समोर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर लांबच लांब काचा होत्या. आत टेबलांच्या रांगा, आणि रांगांत वाचत बसलेली माणसं. सगळ्यांच्या माना खाली. कुणी वर बघत नव्हतं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"यंत्र वरच राहिलं," सर म्हणाले. "आणू का?"

"आधी जेवा," बाई म्हणाल्या.

रस्ता ओलांडायची वाट बघत ती दोघं उभी होती, तेवढ्या वेळात बाईंनी पहिली रांग मोजायला घेतली. सातापर्यंत गेल्या आणि सोडून दिलं.